डबल स्टँडवरची गाडी

खंडेनवमीला सकाळी यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात फेरी मारा. अंगणात, ओट्यासमोर, बोअरच्या नळाजवळ गाड्या धुणं चालू असतं. बादली, फाटकं बनियन, शाम्पूची पुडी आणि एक जुना टूथब्रश, एवढंच सामान. मागचं चाक हवेत असतं. एक पोरगा ते हाताने फिरवतो आणि दुसरा रिमच्या तारांमधली वाळलेली माती उकरतो. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीच्या हँडलला झेंडूचा हार लागतो आणि टाकीवर हळदीकुंकवाची बोटं उमटतात. वर्षभर साइड स्टँडवर डावीकडे कललेली गाडी या दोन दिवसांत डबल स्टँडवर ताठ उभी असते. दसरा सरला की बहुतेक घरांत ती पुन्हा कलते, ती थेट पुढच्या दसऱ्यापर्यंत.

मला हे खटकतं. घरच्या घरी गाडीची निगा राखायची तर सगळ्यांत आधी ती सरळ आणि पक्की उभी राहायला हवी, आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना त्यासाठीचा स्टँड कंपनीतूनच बसवून आलेला असतो. त्याचे पैसे आपण शोरूममध्येच मोजलेले असतात. तरीही चेन खडखडायला लागेपर्यंत गाडी पळवायची आणि मग तालुक्याला मिस्त्रीकडे नेऊन सोडायची, अशी रीत पडली आहे. मिस्त्रीही पहिलं वाक्य तेच म्हणतो, ‘भाऊ, डबल स्टँडवर घ्या न.’ म्हणजे निम्मं काम आपणच करतो, फक्त त्याच्या दारात जाऊन.

या जिल्ह्यात गाडीवाचून किती अडतं हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. साडेतेरा हजार चौरस किलोमीटर, सोळा तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास पावणेअठ्ठावीस लाख माणसं. आणि यवतमाळ शहराची रेल्वे म्हणाल तर मूर्तिजापूरला जाणारी इंग्रजांच्या काळातली शकुंतला, तीही बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं काम वर्षानुवर्षं चाललं, त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. बाकी बहुतेक भार रस्त्यावर. झरी-जामणी, मारेगाव, केळापूरकडचे कोलाम पोड, पुसद-दिग्रसकडचे तांडे, टिपेश्वरच्या जंगलाकडेची गावं, अशा ठिकाणी एसटी येते तिच्या वेळेला आणि ताप चढतो त्याच्या वेळेला. खताची पिशवी, फवारणीचा पंप, परीक्षेला निघालेली पोरगी, बाळंतीण, कृषी केंद्रातून आणलेलं बियाणं, सगळं त्याच शंभर सीसीच्या गाडीवर. इथल्या शेतकऱ्याच्या घरात आता बैलजोडी असेल-नसेल, गाडी असतेच. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा तूप-हळद लावून मळायची जी रीत आहे, तिचा थोडा तरी वाटा या गाडीला मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

डबल स्टँड मागे का पडला, याचा विचार केला तर कारण सरळ दिसतं. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकने लुना आणली, तेव्हा तिला स्टँडवर चढवून पायडल मारल्याशिवाय दिवस सुरू होत नसे. राजदूत आणि बुलेट बाळगणारे जुने लोकही गाडी ठेवताना आधी तिला मधल्या स्टँडवर घेत. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. गाडी हलकी झाली, तेल कमी पिऊ लागली, किक अर्ध्या पायात लागू लागली. पुढे तर बटण आलं. आता गाडी साइड स्टँडवरून उचलायची, बटण दाबायचं आणि निघायचं. रोज हलणारा स्टँड महिनोनमहिने हलेनासा झाला. लोखंडाची पिन चिखलात राहिली आणि हलली नाही, तर गंजणारच. मग एखाद्या दिवशी पंक्चर होतं, स्टँडवर पाय दिला तर तो जागचा हलत नाही, आणि माणूस म्हणतो गाडी फार जड आहे. गाडी जड नसते. स्प्लेंडरसारखी गाडी साधारण एकशेदहा किलोची. तिला उचलायला पैलवान लागत नाही, पिनीला ग्रीस लागतं.

इथल्या मातीचाही यात हात आहे. दख्खनच्या काळ्या दगडातून झिजून आलेली ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पैनगंगेच्या खोऱ्यात तर ती पुरुषभर खोल जाते. पावसाळ्यात शेतातून गाडी बाहेर काढली की चाक आणि मडगार्डच्या मध्ये ती गच्च बसते. डबल स्टँडच्या पिनीभोवती, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत, ब्रेकच्या दांड्याखाली तिचे थर चढतात आणि आठवड्याभरात त्यांचा दगड होतो. वणी भागात यात कोळशाची धूळ मिसळते. उकणी-निलजईच्या खाणींकडून येणाऱ्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्यांच्या चेनवर हाताला येतो तो काळा मलिदा म्हणजे तेल आणि कोळसा यांचं मिश्रण असतं, आणि ते पॉलिशपेपरसारखं चेन खात राहतं.

तीच माती गाडी उभी करतानाही दगा देते. ओल्या अंगणात साइड स्टँडचं टोक रात्रभरात बोटभर खाली जातं आणि पहाटे गाडी आडवी सापडते, पेट्रोल टाकीच्या झाकणातून झिरपलेलं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा डांबरी रस्त्याच्या कडेलाही हेच होतं. उपाय फुकटचा आहे. तळहाताएवढा लोखंडी पत्र्याचा जाड तुकडा, नाहीतर चपटा दगड. पत्र्याला भोक पाडून दोरी बांधली आणि हँडलला अडकवली तर वाकावंही लागत नाही. घरी काम करायचं तर मात्र तेवढ्यावर भागत नाही. सारवलेल्या अंगणात डबल स्टँडचे दोन पाय दोन वेगवेगळ्या खोलीला रुततात आणि चाक फिरवताना गाडी हळूहळू एका अंगाला जाते. घराच्या बांधकामातून उरलेली एक शहाबादी फरशी किंवा सव्वा-दीड फुटाची जाड लाकडी फळी अंगणाच्या कोपऱ्यात कायमची ठेवावी. घरच्या वर्कशॉपचा पहिला खर्च हा आणि तो बहुधा शून्य असतो.

आता गाडी स्टँडवर घ्यायची कशी, ते नीट सांगतो. निम्म्या गाड्या हातांच्या जोरावर ओढल्या जातात आणि पाठी धरतात त्या तिथेच.

गाडीच्या डाव्या बाजूला, तोंड तिच्याकडे करून उभं राहायचं. पायात बूट हवा. ओल्या फरशीवर रबरी चप्पल सटकली की स्टँडचा दांडा थेट नडगीवर बसतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडल सरळ. डावा हात डाव्या मुठीवर, उजवा हात सीटमागच्या दांडीला किंवा कॅरिअरखाली. गाडी साइड स्टँडवरून उचलून सरळ धरायची, उजव्या पायाने डबल स्टँडचा दांडा खाली दाबायचा, पण अजून जोर द्यायचा नाही. आधी गाडी किंचित डावी-उजवी डोलवायची. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले की टक-टक असे दोन ठोके पायाला कळतात. एकच ठोका आला तर गाडी तिरपी आहे. असं तिरपं धरून कितीही जोर लावा, ती चढणार नाही, उलट दुसऱ्या बाजूला पडेल. दोन्ही पाय टेकले की मग त्या दांड्यावर उभं राहायचं. अक्षरशः उभं, सगळं वजन उजव्या पायावर. उजव्या हाताने फक्त मागे आणि वर वाट दाखवायची. गाडी पायावरच्या वजनाने मागे सरकत वर चढते, कारण स्टँडचे पाय पिनीच्या खाली उभे होऊन थोडे पुढे जातात आणि तिथे अडतात. एकदा ती हद्द ओलांडली की गाडीचंच वजन तिला तिथे दाबून धरतं. साठ किलोच्या माणसाचा पाय इथे साठ किलो देतो, त्याचे हात त्याच्या निम्मंही देत नाहीत.

ज्यांचं वजन कमी आहे, गुडघे दुखतात, किंवा गाडी बुलेटसारखी एकशेनव्वद किलोच्या वर आहे, त्यांनी मागचं चाक आधी इंचभर जाडीच्या फळीवर चढवावं. स्टँडचे पाय जमिनीवर, चाक फळीवर. गाडीला तेवढं कमी चढावं लागतं. वर गेली की फळी काढून घ्यायची. घरातल्या मुली-बायकांना हे एकदा दाखवलं की त्या कुणाला हाक मारत बसत नाहीत. अंगणवाडीच्या बैठकीला, बचतगटाच्या कामाला रोज गाडी काढणाऱ्या बाईला गाडी स्टँडवर घेता येऊ नये, हे कुणी ठरवलं?

उतरवताना उलटं. साइड स्टँड आधी खाली करून ठेवायचा, म्हणजे तोल गेला तरी गाडीला टेकायला जागा असते. पुढे ढकलायची आणि चाक टेकताक्षणी पुढचा ब्रेक हाताखाली हवा. अंगणाला उतार असेल तर गाडीचं तोंड चढाकडे ठेवावं. उताराकडे तोंड असलं की एक धक्का पुरतो, ती पुढे सरकून स्टँडवरून उतरते आणि समोर जे असेल त्यावर जाते. साइड स्टँडलाही हाच नियम लागू आहे, कारण गाडी पुढे सरकली की तो मागे दुमडतो. त्यामुळे उतारावर पहिला गिअर टाकून ठेवायचा.

स्टँडची स्वतःचीही निगा असते, आणि ती इकडे जवळजवळ कुणी राखत नाही. पिन, तिच्यावरचे बुश, स्प्रिंग आणि दोन पाय, इतकाच त्याचा संसार. पावसाळा संपला की पिनीजवळची माती टोकदार काडीने काढावी, डिझेलच्या फडक्याने पुसावी आणि ग्रीस भरावं. पिन फार धरली असेल तर ती काढून घासून बसवायला मिस्त्रीला अर्धा तास लागतो. स्प्रिंग मात्र घरी बदलता येते. ती इतकी कडक असते की पेचकसाने ओढताना निसटून डोळ्यावर यायची भीती असते, म्हणून जुने मिस्त्री एक युक्ती करतात. नवी स्प्रिंग शिकंज्यात एका टोकाला धरून बाजूला वाकवतात. एका अंगाची वेटोळी उघडली की त्या फटींत वॉशर सरकवतात, मग दुसऱ्या बाजूला वाकवून तिकडच्या फटींत. पाच-सहा फटी भरल्या की स्प्रिंग आपोआप लांब झालेली असते, हाताने अडकवता येते. मग स्टँड खाली-वर केला की वॉशर एकेक करून खाली पडतात. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला हातचलाखीसारखं वाटतं. चष्मा लावून करावं, एवढंच.

स्प्रिंग ढिली झाल्याची खूण म्हणजे खड्ड्यातून जाताना खालून येणारा खणखणाट. त्याकडे दुर्लक्ष करू नये. लोंबता स्टँड वळणावर किंवा गतिरोधकावर घासला तर गाडी चाकांवरून उचलली जाते. दोन पोती आणि एक माणूस मागे असेल तर गाडी आधीच खाली बसलेली असते, मग ही शक्यता आणखी वाढते. उघडा राहिलेला साइड स्टँड डाव्या वळणावर असाच रुततो. म्हणूनच नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असेल तर गिअर टाकताच इंजिन बंद पडायची सोय आली. काही लोक ती तार कापून टाकतात. मी हात जोडून सांगतो, ती कापू नका.

पाय झिजतात तेव्हा मागचं चाक जमिनीला घासू लागतं. नवीन गाडीत डबल स्टँडवर चाक जमिनीपासून दोन-तीन बोटं तरी वर असतं. ते कागदभर राहिलं की समजावं पाय संपले किंवा बुश खाल्ले गेले. बाजारात नवा स्टँड मिळतो आणि तो फार महाग नसतो. पण गावोगावी वखराची पास आणि डवऱ्याचे दांडे जोडणारा वेल्डिंगवाला असतोच, तो पायाखाली पट्टीचा तुकडा लावून देतो. काम चांगलं होतं, दोन अटींवर. दोन्ही पाय मोजून सारखे हवेत. आणि स्टँड गाडीवरून काढून न्यायचा. गाडीलाच लावलेल्या स्टँडला वेल्डिंग करणं दोन कारणांनी घातक आहे. हातभर अंतरावर पेट्रोलची टाकी आहे, आणि २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत इंजिनाचा हिशेब ठेवणारा इलेक्ट्रॉनिक डबा आहे, जो वेल्डिंगच्या प्रवाहाने जळू शकतो. तो जळला की दुरुस्तीचा आकडा स्टँडच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

एवढं जमलं की गाडी स्टँडवर घेऊन काय करायचं हा प्रश्न येतो, आणि खरी मौज इथे आहे.

पहिलं काम काट्यांचं. हातात पेचकस घेऊन बसावं आणि मागचं चाक सावकाश एक फेरा फिरवावं. पऱ्हाटीच्या वावरातून, बाभळीच्या बांधावरून फिरलेल्या टायरमध्ये काहीतरी रुतलेलं सापडतंच. बाभळीचा काटा पहिल्या दिवशी ट्यूबपर्यंत जात नाही. तो रोज थोडा थोडा आत सरकतो आणि पंक्चर व्हायचं तेव्हा घाटंजीच्या रस्त्यावर भर उन्हात होतं. कापणीनंतर राहिलेले पऱ्हाटीचे तिरपे खुंट तर सुरीसारखे आत घुसतात. पंधरा दिवसांतून एकदा पाच मिनिटं चाक फिरवलं तर यातले बरेच काटे वेळीच निघतात.

दुसरं काम चेन. स्प्लेंडरसारख्या गाड्यांची चेन डब्यात बंद असते, पण डब्याला खालच्या अंगाला रबराचं बूच असतं. ते काढून बोटाने चेन वर-खाली ढकलून पाहावी. साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हालली तर ठीक, नेमका आकडा गाडीसोबतच्या पुस्तिकेत असतो. एकाच जागी पाहून भागत नाही. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत चार-पाच ठिकाणी पाहायचं आणि जिथे सगळ्यांत ताठ लागेल तिथला ढिलेपणा धरायचा. ढिल्या जागेवर मोजून ओढली तर ताठ जागी ती इतकी खेचली जाते की बेअरिंग आणि पुढचं स्प्रॉकेट रडायला लागतं.

इथे एक बारीक गोष्ट आहे. मागच्या ॲक्सलचा मोठा नट गाडी स्टँडवर घेऊन सोडवायला जाऊ नये. लांब पान्याला झटका दिला की गाडीच पुढे उडी मारते. गाडी दोन्ही चाकांवर असताना नट आधी थोडा सैल करायचा, मग स्टँडवर घ्यायचं, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारख्या खुणेवर आणायचे, नट बेताचा आवळायचा, खाली उतरवायचं आणि मग शेवटचा जोर द्यायचा. दोन्हीकडच्या खुणा सारख्या नसल्या तर चाक तिरपं बसतं आणि टायर एका अंगाने खाल्ला जातो. चेन ओढली की मागचं चाक सरकतं, त्यामुळे ड्रम ब्रेकचा दांडा ताणला जातो. म्हणून शेवटी ब्रेकचं पायडलही तपासायचं. हे विसरलं की ब्रेक अर्धवट लागलेला राहतो, लायनर जळतात आणि पेट्रोल फुकट जातं.

तिसरं, ऑइल. इंजिनमधलं ऑइल साइड स्टँडवर कधीच पाहू नये. गाडी डावीकडे कलली की ऑइलही कलतं आणि काडी खोटं बोलते. गाडी डबल स्टँडवर सपाट जागी, इंजिन थोडं चालवून बंद केलेलं, दोन-तीन मिनिटं थांबून मग काडी पुसून आत घालायची. अनेक हिरो-होंडा गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं. जुन्या पद्धतीच्या बॅटरीच्या पाण्याची पातळीही गाडी अशी सरळ असतानाच खरी दिसते.

चाक हवेत आहे तोवर ते वर आणि खाली धरून बाजूला हलवून पाहावं. कट-कट आवाज आला तर बेअरिंग किंवा स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या चौकटीचा, बुश बोलतोय. पुढचा भाग उचलून फॉर्कची खालची टोकं धरून मागे-पुढे ढकलली की हँडलच्या दांड्यातले बॉलरेसर कळतात. अर्थात त्यासाठी पुढचं चाक हवेत हवं, आणि डबल स्टँडवर गाडी असताना ते जमिनीवर असतं. गाडी पुढे झुकवणारं वजन इंजिनाचं. कॅरिअरवर वजन ठेवलं की ती मागे झुकते, स्टँडचे दोन पाय आणि मागचं चाक अशा तीन टेकांवर बसते आणि पुढचं चाक सुटतं. बॉलरेसर पाहण्यापुरतं हे ठीक आहे, म्हणजे दुसऱ्या माणसाने मागून दाबून धरलं तरी पुरतं. पण पुढचं चाक काढायचंच असेल तर मागच्या वजनावर विसंबू नये. चौकटीच्या नळीखाली किंवा इंजिनाच्या भक्कम भागाखाली आडवा लाकडी ठोकळा घालून त्याखाली जॅक घ्यावा. ऑइलचा बोल्ट आणि सायलेन्सरचा नळा यांवर भार नको. विटा तर मुळीच नकोत, कारण भट्टीची वीट भाराखाली न सांगता फुटते. ज्या गाड्यांना एबीएस आहे, त्यांच्या चाकाजवळ बारीक तार असते, चाक ओढताना ती ताणली जाऊ नये.

एका गोष्टीवर मात्र मी आग्रह धरतो. गाडी डबल स्टँडवर घेऊन, इंजिन चालू करून, गिअर टाकून चेनला तेल सोडायची सवय कित्येक ठिकाणी पाहिली आहे. फडकं चेनला लावलं की चाक आपोआप फिरतं आणि काम लवकर होतं, हा त्यामागचा हिशेब. फडकं स्प्रॉकेटमध्ये गेलं तर बोटं त्याच्यासोबत जातात आणि हात मागे घ्यायला वेळ उरत नाही. चेनला हात लावायचा तर इंजिन बंद आणि चावी खिशात. चाक हातानेच फिरवायचं. गिअर न्यूट्रलमध्ये असला तरी चालू इंजिनावर मागचं चाक हळूहळू फिरत राहतं, त्यालाही भुलू नये. दसऱ्याच्या धुण्यात लहान पोरं चाकाशी खेळत असतात, त्यांना तेवढ्या वेळापुरतं लांब बसवावं. डबल स्टँडवरच्या गाडीवर मुलांना बसवून फोटो काढणंही टाळावं. ती स्टँडवर घट्ट असते ती फक्त मागच्या बाजूला, पुढे किंवा बाजूला धक्का बसला तर सहज उतरते किंवा पडते.

आता ज्यांच्या गाडीला डबल स्टँडच नाही त्यांचं काय? केटीएम ड्यूक, यामाहा आर१५ अशा गाड्या यवतमाळ, पुसद, वणीच्या कॉलेजच्या पोरांच्या हाती आता सर्रास दिसतात. वजन कमी करायचं, वळणावर खाली काही घासू नये, आणि गाडी खेळातली दिसावी, म्हणून कंपन्यांनी त्यांचा मधला स्टँड काढला. शर्यतीच्या मैदानावर गाडीमागे माणसं असतात, आर्णीच्या घरात नसतात. अशा गाडीची चेन उघडी असते, तिला धुळीत आठवड्याला साफ करावं लागतं, आणि ती साफ करायला चाक उचलता येत नाही. मला हा सौदा ग्राहकाच्या तोट्याचा वाटतो. ज्यांना खेड्यातून रोज ये-जा करायची आहे त्यांनी गाडी घेतानाच हे पाहावं, रंग नंतर. काही गाड्यांना डबल स्टँड ॲक्सेसरी म्हणून मिळतो, तो बसत असेल तर लगेच घ्यावा.

बसत नसेल तर पॅडॉक स्टँड. नळीची यू आकाराची चौकट, तिला दोन छोटी चाकं आणि मागे लांब दांडा. मागच्या स्विंगआर्मला धरून दांडा खाली दाबला की मागचं चाक उचललं जातं. हजार-दोन हजारांपासून पुढे मिळतो, आणि स्वस्तातला घ्यायचा मोह इथे टाळावा. बारीक नळीचा, लटपटत्या चाकांचा स्टँड दीडशे किलोची गाडी हवेत असताना वाकला तर त्याच्याखाली आपला पाय असतो. गाडीला धरायची त्याची पद्धत दोन प्रकारची असते. एकात रबर लावलेले एल आकाराचे पंजे स्विंगआर्मखाली टेकतात. ते बहुतेक गाड्यांना चालतात, पण तेलकट स्विंगआर्मवरून सरकतात आणि चेन ॲडजस्टरला अडतात. दुसऱ्यात स्विंगआर्मला दोन्ही बाजूंनी गोल बॉबिन बसवायचे आणि स्टँडचे खाचेदार आकडे त्यांना धरतात. हा प्रकार जास्त भरवशाचा. त्यासाठी स्विंगआर्मला आटे असलेली भोकं हवीत, आणि ती गाडीगणिक सहा, आठ किंवा दहा मिलिमीटरची असतात.

पॅडॉकवर गाडी घेताना पहिल्या काही वेळा दुसरा माणूस हवाच, तो समोरून हँडल सरळ धरतो. साइड स्टँड खालीच राहू द्यायचा. एक हात सीटमागच्या दांडीवर ठेवून गाडी सरळ करायची, दुसऱ्या हाताने दांडा सरळ खाली न्यायचा, झटका न देता. उतरवतानाही साइड स्टँड खाली आहे ना ते पाहूनच दांडा सोडायचा, कारण गाडी खाली येते तेव्हा तिला डावीकडे टेकायला दुसरं काहीच नसतं. सारवलेल्या अंगणात पॅडॉकची चाकं फिरतच नाहीत, मातीत रुततात. त्याला पक्का कोबा किंवा फरशीच लागते. पुढच्या चाकासाठीचा स्टँड वेगळा मिळतो, पण तो मागचा स्टँड लागल्याशिवाय कधीही लावू नये. फॉर्कच्या बुडाला धरणाऱ्या स्टँडवर फॉर्क काढता येत नाहीत, कारण सगळा भार त्यांच्यावरच असतो. ते काम करायचं तर हँडलखालच्या दांड्याच्या भोकात बसणारा स्टँड लागतो, आणि तेवढं काम घरी काढणारा माणूस आपल्याकडे विरळाच.

ज्याच्या घरी स्प्लेंडर, प्लॅटिना, शाइन आहे त्याने पॅडॉकवर एक रुपयाही घालू नये. त्या पैशात ग्रीसचा डबा, चेनचं तेल, एक चांगला रिंग पाना आणि गोटी पान्यांचा छोटा संच येतो. पॅडॉक लागतो तो गल्लीतल्या ड्यूक, आर१५ चालवणाऱ्या चार पोरांना, आणि चौघांत एक पुरतो. तो प्रत्येकाला आठवड्यातून एकदाच लागतो. फक्त घेण्याआधी चौघांनी आपापल्या गाडीच्या स्विंगआर्मची रुंदी मोजून पाहावी, भोकांचे आटे पाहावेत, आणि जिची रुंदी सगळ्यांत जास्त तिला पुरेल असा, रुंदी सरकवता येणारा स्टँड निवडावा. बॉबिन प्रत्येकाने आपापल्या मापाचे घ्यायचे, त्यांना धरणारे स्टँडचे आकडे सारखेच असतात.